घरच्यांना घेऊन व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय? आधी पंचांग उघडा

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला मी दोनदा निघाले आणि एकदाच पोहोचले. पहिल्या वेळी पुण्याहून निघतानाच परतीच्या गाडीची तिकिटं काढलेली होती आणि सहलीचा एकेक दिवस त्या तिकिटांना बांधलेला होता. हरिद्वारहून वर जाताना पिपळकोटी गावाच्या पुढे दरड कोसळली. दोन रात्री आम्ही तिथेच अडकलो. तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला तेव्हा मागे फिरण्यापुरतेच दिवस उरले होते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. हरिद्वार येईपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून गप्प बसला होता, ते मला अजून आठवतं. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, या वेळी सासूबाईंनाही नेलं, आणि दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवले. या सहलीत पैसे, बूट, रेनकोट यांच्याही आधी जमवायचे असतात ते हे मोकळे दिवस. म्हणून हा लेख मी दिवसांच्या हिशेबानेच लिहिते आहे.

जागा कशी आहे ते नीट समजून घ्या

ताडोबा किंवा कान्हा पाहिलेल्यांच्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जिप्सी येते. इथे तसं काही नाही. गाडी उद्यानाच्या दारापर्यंत जातच नाही. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे पुष्पावती नदीचं खोरं, साधारण 87.5 चौरस किलोमीटरचं. 1931 मध्ये कामेट शिखर चढून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती या फुलांत उतरले आणि बाहेरच्या जगाला दरीची ओळख झाली. भ्युंडारच्या गावकऱ्यांची गुरंमेंढरं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे चरत होती. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, आणि 2005 मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीने जागतिक वारसा यादीत नाव गेलं.

दरीत राहायला परवानगी नाही. आत टपरी नाही, चहा नाही. मुक्काम करायचा तो खालच्या घांघरियाला, रोज सकाळी वर जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. घांघरियालाही मोटार जात नाही. गोविंदघाटला गाडी सोडायची, तिथून स्थानिक जीपने चारेक किलोमीटरवरच्या पुलना गावापर्यंत जायचं, आणि पुढचे नऊ-दहा किलोमीटर चालायचे.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. गोविंदघाट सुमारे 1800 मीटरवर आहे. म्हणजे आपल्याकडे जिथे चढाई संपते त्याच्याही वर इथली सुरुवात होते. घांघरिया 3050 मीटरच्या आसपास, दरीचा फुलांचा भाग त्याहून तीन-चारशे मीटर वर, आणि घांघरियाहूनच ज्याची वाट जाते ते शिखांचं तीर्थस्थान हेमकुंड साहिब 4300 मीटरच्याही वर.

तारीख ठरवताना

उद्यान 1 जून ते 31 ऑक्टोबर उघडं असतं. पण पाच महिने फुलं असतात असं समजू नका. जूनमध्ये बर्फ वितळत असतं, काही ठिकाणी पायवाटेवरही हिमनदीचा तुकडा असतो, फुलं तुरळक. बहर येतो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ऑगस्टअखेर उंच झुडपांचा पसारा वाढतो, सप्टेंबरात गवत पिवळं पडायला लागतं, पण हवा स्वच्छ होते आणि डोंगर दिसतात. ज्यांना फुलांपेक्षा शिखरं पाहायची आहेत त्यांनी सप्टेंबर निवडावा. मुलांना घेऊन जाणार असाल तर फुलांच्याच दिवसांत जा. हिरव्या उतारावर गुलाबी, निळा, पिवळा असा रंग पसरलेला पाहिला की मुलं चालायचे कष्ट विसरतात.

आता पंचांगाचा मुद्दा, कारण आपली मराठी मंडळी नेमकी इथे फसतात. बहराच्या याच दिवसांत कावड यात्रा येते. लाखो कावडिये गंगाजल न्यायला हरिद्वारला पायी येतात. दिल्लीकडून येणारे रस्ते वळवले जातात, हरिद्वार आणि ऋषीकेशमध्ये गाडी तासन्‌तास हलत नाही. ही यात्रा श्रावणात असते असं ऐकून आपण मनात म्हणतो, मग आपण आषाढात जाऊन येऊ. पण उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. आपल्या कॅलेंडरात पाहायचं झालं तर गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून दिव्यांच्या अवसेपर्यंत हरिद्वार-ऋषीकेश टाळायचं.

2025 मध्ये दिव्यांची अवस 24 जुलैला होती. अशा वर्षी अवस उलटली की निघावं आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास घरी यावं, हा उत्तम काळ. आषाढाच्या आधी अधिक महिना आला तर सगळं पुढे सरकतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे गुरुपौर्णिमा 29 जुलैला आणि दिव्यांची अवस 12 ऑगस्टला येते. तेव्हा गुरुपौर्णिमेच्या आधीच हरिद्वारहून परतीची गाडी धरता येईल असं बघायचं, म्हणजे साधारण जुलैचे मधले दोन आठवडे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणून हे गणित मे महिन्यातच घरात बसून मांडा. मुलांच्या शाळेशीही तेव्हाच बोला. पहिली चाचणी या दिवसांत असते आणि बहुतेक वर्गशिक्षक आधी सांगितलं तर समजून घेतात.

घरातलं कोण येणार

माझं मत स्पष्ट आहे. सहा-सात वर्षांखालच्या मुलांना इथे नेऊ नये. चालायचं म्हणून नव्हे, खांद्यावर बसवून नेता येतं. पण उंचीचा त्रास झाला तर लहान मुलाला सांगता येत नाही. मोठ्या माणसाला डोकं दुखतंय हे कळतं. लहान मूल नुसतं किरकिरतं, जेवायला नको म्हणतं, आणि आपण म्हणतो दमलंय. त्यात वेळ जातो.

साठीच्या पुढच्यांना जरूर न्या, पण आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना घांघरियाची आणि हेमकुंडची उंची मीटरमध्ये सांगा. 'हिमालयात चाललोय' एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना नैनिताल वाटतं. रक्तदाब, हृदय, दमा यांपैकी काही असेल तर तपासणीनंतरच ठरवा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही, हेही तेव्हाच विचारा. शेजाऱ्यांनी घेतली म्हणून आपण घ्यायची, असं ते औषध नाही.

आणि सहलीचा वेग घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलावर बांधा. आमच्याकडे त्या सासूबाई होत्या, वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. त्यांना सकाळी उठून आवरायला दीड तास लागतो, त्यांना दर अर्ध्या तासाने बसावं लागतं, हे धरूनच वेळा ठरवल्या. त्यामुळे त्यांना एकदाही 'माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागतंय' असं म्हणायची वेळ आली नाही.

दिवसांची मांडणी

हरिद्वार ते हरिद्वार नऊ दिवस धरा. सात दिवसांत जमतं असं बरेच जण सांगतात आणि ऊन पडलं तर जमतंही. पण आपण जाणार पावसाळ्यात.

पहिल्या दिवशी पहाटे हरिद्वार किंवा ऋषीकेश सोडून पिपळकोटी किंवा जोशीमठ गाठायचं. जोशीमठचं सरकारी नाव आता ज्योतिर्मठ झालंय, पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील. ऋषीकेशपासून अडीचशे किलोमीटर म्हणजे आपल्याला मुंबई-सातारा वाटतं, पण इथे पूर्ण दिवस जातो. दुसऱ्या दिवशी थेट चढायला सुरुवात करू नका. बद्रीनाथला जाऊन या. गोविंदघाटपासून ते पंचवीस किलोमीटरवर आहे, उंची घांघरियाइतकीच, आणि गाडी देवळापाशी जाते. दर्शन होतं, माणा गाव पाहून होतं, आणि शरीराला विरळ हवेची ओळख होते. घरातली वडीलधारी मंडळी सहलीला राजी होतात तीही बहुधा याच दिवसामुळे. रात्री खाली जोशीमठ किंवा गोविंदघाटला येऊन झोपा.

तिसऱ्या दिवशी घांघरियाला चढा. चौथ्या दिवशी दरी. पाचव्या दिवशी हेमकुंड, किंवा विश्रांती, किंवा पुन्हा दरी. सहावा मोकळा. सातव्या दिवशी उतरून जोशीमठ. आठव्या दिवशी ऋषीकेश. नववा पुन्हा मोकळा, हरिद्वारला. पहिला मोकळा दिवस पावसासाठी, कारण जोराचा पाऊस असला तर वन खातं दरीची वाट बंद ठेवतं. दुसरा दरडीसाठी. दोन्ही वाचले तर हरिद्वारला गंगेच्या काठी आराम होतो, त्यात नुकसान काहीच नाही.

रस्ता आणि गाडी

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्र्याहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. पुण्याहून दिल्ली करून जाणं किंवा देहरादूनला विमानाने उतरणं सोयीचं पडतं. पुढे गाडी ठरवताना एकच अट घाला: ड्रायव्हर गढवालचा हवा. दिल्लीहून येणारा कितीही सराईत असला तरी सिरोबगडला किंवा पागल नाल्यापाशी दगड कधी सुटतात याची जाण या रस्त्यावर वाढलेल्या माणसालाच असते. आमचा ड्रायव्हर पाऊस थांबल्यावरही अर्धा तास गाडी हलवायचा नाही. पाणी मुरतं आणि मग दगड सुटतो, असं तो म्हणायचा. पुढे आमच्या डोळ्यांदेखत तसंच घडलं. त्याने थांबायचं म्हटलं की थांबा. 'अंधार पडायच्या आत पोहोचवतोस ना' असा तगादा लावू नका. अंधारात या घाटात गाडी चालवूच नये, आणि पहाटे पाचला निघायचं कारणही तेच.

ज्यांना गाडी लागते त्यांना गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, वळणं सुरू झाल्यावर नव्हे. आवळासुपारी, आल्याच्या वड्या हाताशी ठेवा. वाटेत मुलांना संगम मोजायला लावा: अलकनंदेला देवप्रयागला भागीरथी येऊन मिळते, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि जोशीमठच्या पुढे विष्णुप्रयागला धौलीगंगा. पाच संगम झाले की गोविंदघाट आलंच.

कागदपत्रांत दोन गोष्टी. बद्रीनाथ आणि हेमकुंड साहिब यांच्यासाठी उत्तराखंड पर्यटन खात्याकडे ऑनलाइन यात्रा-नोंदणी करावी लागते, ती घरूनच करून छापील प्रत घ्या. आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, मुलांचीसुद्धा, सोबत ठेवा. दरीचा परवाना वन खात्याचा वेगळा असतो. दुसऱ्या दिवशी परत आत जायचं असेल तर तेच तिकीट चालेल का, हे चौकीवर विचारून घ्या. रोख पैसे जोशीमठलाच काढा. वर फोन लागेल, पैसे ऑनलाइन जातील, या भरवशावर राहू नका.

दोन महिने आधीपासून चालणं

पुलना ते घांघरिया म्हणजे साधारण हजार मीटरची चढण. आतकरवाडीतून सिंहगडाची चढण सहाशेच्या आसपास. म्हणजे एका दिवसात दीड सिंहगडाहून थोडं जास्त. हेमकुंडचा दिवस दोन सिंहगडांचा, तोही विरळ हवेत. सिंहगड जवळ नसेल तर इमारतीचे जिने आहेत. रोज वीस मिनिटं जिने चढणं-उतरणं, आणि आठवड्यातून एकदा पाठीवर तीन-चार किलो घेऊन दोन-तीन तास चालणं, एवढं दोन महिने केलं तर पुष्कळ. उतरायचा सराव जास्त करा. चढताना दम लागतो तो थांबलं की जातो, उतरताना गुडघा दुखावला की तो सहलभर दुखतो.

हीच चाल नव्या बुटांनी करा. बूट घोट्याच्या वर येणारे, तळव्याला चांगली पकड असलेले, आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात. मुलांचे बूट निघायच्या आठवड्यात पुन्हा घालून पाहा. आमच्या मुलाचा पाय दोन महिन्यांत वाढला होता.

सामान

पावसाळी कपड्यांवर पैसे खर्च करा, बाकी घरातलं चालतं. गुडघ्यापर्यंत येणारा, पाठीवरच्या सॅकवरून घालता येईल असा पोंचो प्रत्येकाला. शिवाय एक छत्री, दरीतल्या सपाट वाटेवर ती फार कामाची. जीन्स नको, भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. मोजे माणशी चार जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. रात्री घांघरियाला ऑगस्टमध्येही स्वेटर आणि कानटोपी लागते. सगळे कपडे एकाच दिवशी भिजणार नाहीत अशा दोन वेगळ्या पिशव्या करा आणि झोपायचा कोरडा जोड काही झालं तरी दिवसा घालू नका.

खायला घांघरियात पराठे, राजमा-भात, मॅगी मिळतं. दरीत मात्र आपलं आपण. दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट लावलेले चुरमुरे, खजूर. थंडीत आणि उंचीवर मुलांना भूक कळत नाही, म्हणून लिमलेटच्या गोळ्या आणि चिक्की खिशात हवी, सॅकच्या तळाशी नको. पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने घोटभर. वेष्टनं टाकायला एक रिकामी पिशवी आधीच मुलाच्या हातात द्या. भ्युंडारच्या गावकऱ्यांची समिती वर्षानुवर्षं या वाटेवरचा कचरा उचलते आहे. आपला कचरा तरी त्यांनी का उचलावा?

घांघरियाचा चढ

पुलन्याहून सकाळी आठच्या आत चाला. वाट रुंद आणि दगडी आहे, चुकायची भीती नाही. उजवीकडून-डावीकडून लक्ष्मणगंगेचा आवाज येत राहतो. खेचरं मिळतात, माणसाला बसवायला आणि सामान न्यायलाही. दर सरकारी पाटीवर पाहून, पावती घेऊन ठरवा. खेचर समोरून आलं तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला नाही. ओझ्याचा धक्का लागतो. हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत शिकवा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या.

गुरुद्वारात गोविंदघाट आणि घांघरिया दोन्हीकडे राहायची आणि लंगरची सोय असते. हॉटेलं आणि गढवाल मंडळ विकास निगमचं विश्रामगृहही आहे, पण बहराच्या दिवसांत आधी आरक्षण हवंच. पोहोचल्यावर लगेच पांघरुणात शिरू नका. चहा घ्या, अर्धा तास हळूहळू फिरा, लवकर जेवा. रात्री डोकं थोडं जड वाटणं साधारण आहे. पण डोकेदुखीबरोबर मळमळ, उलटी, चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, मदत घेऊन खाली उतरा. छोट्या डब्यातला ऑक्सिजन विकत मिळतो. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण त्रासावरचा इलाज खाली उतरणं हाच आहे.

दरीचा दिवस

चौकी सकाळी सातला उघडते. साताच्या ठोक्याला तिथे असा. दुपारी ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांना बाहेर यावं लागतं, म्हणून हळू चालणाऱ्यांनी सकाळ दवडू नये. घांघरियातून थोडं वर गेलं की वाट फुटते, उजवी हेमकुंडला, डावी दरीला. चौकीनंतर उतार, मग पुष्पावतीवरचा पूल, आणि पुलापलीकडे भोजपत्राच्या झाडांतून दोनेक किलोमीटरची खडी दगडी चढण. या सहलीतला अवघड भाग हाच, आणि इथेच बरेच जण धीर सोडतात. इथे खेचरं येत नाहीत. येतात ते कंडीवाले, पाठीला वेताची टोपली बांधून त्यात माणसाला बसवून नेणारे. सासूबाई आधी तयारच होईनात, माणसाच्या पाठीवर बसायचं त्यांना पटेना. पुलापर्यंत चालत आल्या. मग कंडीवाल्यानेच समजावलं की माताजी, बसाल तरच मला आज काम आहे. चढणीपुरत्या बसल्या, वर पोहोचल्यावर डब्यातली पहिली दशमी त्याला दिली, आणि पुढे दिवसभर सपाटीवर आपल्या पायांनी चालल्या. तुम्हीही कंडी फक्त चढणीसाठी ठरवू शकता, पण ते आधी बोलून घ्या.

चढण संपते आणि एका वळणावर दरी उघडते. इथे मुलांना पळू द्यायचा मोह होतो, पण वाट सोडू देऊ नका. मोकळं दिसतं ते गवत नसतं, फुलझाडंच असतात, पाय ठेवला की मोडतात. त्याऐवजी त्यांना बसवा. माझा मुलगा एका निळ्या पॉपीसमोर उकिडवा बसला होता. पाकळी कागदासारखी पातळ, आणि देठावर, कळीवर, सगळीकडे बारीक काटे. पावसाचा थेंब एका काट्याच्या टोकाला लोंबत होता आणि त्यात मागचा डोंगर उलटा दिसत होता. तो दहा मिनिटं तिथून हलला नाही. या सहलीचं त्याचं वर्णन विचारलं की आजही तो आधी त्या थेंबाचं सांगतो.

थोडं पुढे सासूबाई थबकल्या. कमरेएवढ्या गुलाबी फुलांचा अख्खा उतार होता. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर तेरडा!" तेरडाच होता, हिमालयातला, आपल्या तेरड्याचा भाऊबंद. आमच्याकडे भाद्रपदात तेरड्याच्या गौरी आणतात, मुळांसकट उपटून, वाजतगाजत. त्यांचा हात सवयीने देठाकडे गेला आणि त्यांनी तो आपणच मागे घेतला. मी त्यांना सांगितलं की याच उद्यानात गौरी पर्वत आहे, 6700 मीटरहून उंच, ढगांमुळे आज दिसत नाही एवढंच. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून त्यांनी ढगांच्या दिशेने हात जोडले. "गौरीचं माहेर पाहिलं," एवढं त्या रात्री जेवताना म्हणाल्या.

फूल तोडायचं नाही, बी आणायचं नाही, मुळी तर नाहीच. हा कायदा आहे, आणि मुलांना तो आदल्या रात्रीच सांगा.

दरीत दोनेक किलोमीटर आत एक थडगं आहे. जोन मार्गारेट लेग या वनस्पती गोळा करायला 1939 मध्ये इथे आल्या आणि जुलैत उतारावरून घसरून गेल्या. पुढे त्यांच्या बहिणीने तिथे दगड बसवला. कुटुंबासाठी परत फिरायची जागा म्हणून ही चांगली. तिथे बसून खा, आणि एकच्या सुमारास मागे वळा. नदीच्या वाळवंटापर्यंत जायचा हट्ट हळू चालणारं कुणी सोबत असेल तर धरू नका. दुपारनंतर ढग खाली येतात आणि ओल्या दगडांवरचा उतार सावकाशच उतरावा लागतो.

हेमकुंडला सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही

सहा किलोमीटरच्या सरळ चढणीत सव्वाबाराशे मीटर वर जायचं, आणि त्याच दिवशी परत यायचं. वर राहता येत नाही, दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवतात. ज्याला आदल्या रात्री डोकेदुखी होती त्याने जाऊ नये. आमच्यात मी आणि नवरा आळीपाळीने गेलो, मुलगा आणि सासूबाई खालीच राहिले. इथे खेचर मिळतं, पण खेचरावर बसूनही उंची तीच असते. उलट शरीराला जुळवून घ्यायला वेळ कमी मिळतो, हे लक्षात ठेवा. ब्रह्मकमळं पाहायची असतील तर ती याच वाटेवर वरच्या टप्प्यात, ऑगस्टपासून. सरोवराकाठी गुरुद्वारा, शेजारी लक्ष्मणाचं मंदिर, आणि लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा. गुरु गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी इथे तप केलं अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे, आणि त्यांचे अखेरचे दिवस गेले ते आपल्या नांदेडला. पंजाबातून आलेल्या एका आजोबांना मी महाराष्ट्रातली आहे असं सांगितलं तर त्यांनी लगेच "हजूर साहिब!" म्हणून डोक्यावर हात ठेवला. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी न्या.

उतरताना

घांघरियाहून सकाळी सातला निघा. गुडघ्यांसाठी प्रत्येकाला काठी घ्या, खाली दुकानांत मिळते. वृद्ध माणसांना उतरताना खेचरावर बसवू नका, चढण्यापेक्षा उतरताना तोल जास्त जातो. चालवत नसेल तर कंडी ठरवा. गोविंदघाटला दुपारी पोहोचलात आणि रस्ता उघडा दिसला, तरी त्याच दिवशी ऋषीकेश गाठायला निघू नका. दिवस मावळेपर्यंत तुम्ही अर्ध्या घाटात असाल. जोशीमठला थांबा, ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळत घाला, ड्रायव्हरला रात्रीच पुढच्या रस्त्याची चौकशी करायला सांगा, आणि पहाटे पाचला गाडी सुरू करा.